सहा फुटांची गल्ली

आई, आज तुला लिहायला बसले ती एका मशीनमुळे. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "मशीन काहून? हात काय झाले?" हात काय झाले तेच सांगायचं आहे. उजवा खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायला मान हाताकडे न्यावी लागते. डॉक्टरांनी साफ सांगितलं की फावडं आणि घमेलं आता विसरा. तू गेलीस त्याला चोवीस वर्षं झाली, मी बासष्टची झाले, शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि तुझा गोठा अजून चालू आहे. अकरा गायी आहेत. महाराजपूर मात्र तू ओळखणार नाहीस. आपल्या मागं जिथं बोरी होत्या तिथं तीन मजली घरं झालीत आणि त्यांच्या गच्चीवरून लोक आपल्या शेणाकडं बघून नाक दाबतात. दूध मात्र आपल्याकडूनच नेतात, ती गोष्ट वेगळी.

तुझा गडी, भैया, अजून आहे. गोठा बांधला तेव्हा सिहोऱ्याहून कामाला आला होता तोच, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आता सत्तरी गाठत आला आहे. तुला बाई म्हणायचा, मला दीदी म्हणतो. अजूनही कुणी काही नवीन सुचवलं की "बाई ऐसा नईं करती थीं" एवढंच बोलून विषय मिटवतो. त्याचेही गुडघे गेलेत. वाकला की उठायला खांब धरतो. म्हणजे एका गोठ्यात दोन म्हातारी माणसं, मिळून दीड हात आणि अर्धा गुडघा. दुसरा माणूस मिळत नाही असं नाही, पण जो येतो तो पंधरा दिवसांत पळतो. शेण काढायला आता कुणी राहत नाही, आणि मला त्यांचा रागही येत नाही.

गोठा बांधला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी तुझी बोलणी खाल्ली. मी बारा वर्षांची आहे. बाबा सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या कचेरीत गेलेत. मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून बिडी ओढतो आहे आणि तू जमिनीवर चुन्याच्या रेघा मारते आहेस. दोन्ही बाजूंना गायी, तोंडं भिंतींकडं, शेपट्या एकमेकींकडं, आणि मधून शेण काढायची गल्ली. गल्लीच्या दोन्ही कडांना विटांचे सहा सहा खांब, त्यांच्यावर पत्रा. मिस्त्री विचारतो, "गली कितनी चौड़ी रखें, बाई?" तू पदर खोचतेस, मधोमध उभी राहतेस आणि दोन्ही हात पसरतेस. "इतनी." मी खिदळले. तू हात खाली न घेताच माझ्याकडं वळलीस. "काहून हसून राहिली? माप घेऊन राहिली मी." मिस्त्री म्हणाला, फुटांत सांगा. तू क्षणभर ओठ हलवलेस. चार हातांचा एक वाव, हात दीड फुटाचा. "छह फुट," तू म्हणालीस, आणि मिस्त्रीनं तुझ्या दोन्ही बोटांच्या टोकांशी दोन खुंट्या ठोकल्या.

मी घरात पळाले आणि कंपासपेटीतली फूटपट्टी घेऊन आले. नुकतीच मोजमापं शिकले होते, ते अंगात आलं होतं. पट्टी खुंटीला लावते न लावते तोच तू ती हातातून काढून घेतलीस. ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी विसरले असते. "माझ्या हातावर भरवसा नाही का तुला?" एवढंच म्हणालीस आणि पट्टी माझ्या पेटीत परत ठेवून आलीस. त्या दिवसापासून मी ती गल्ली कधी मोजली नाही. पुढं तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, मोजल्याशिवाय उत्तर लिहिलं म्हणून किती वह्या लाल केल्या, पण घरची गल्ली किती रुंद आहे असं कुणी विचारलं की मी तुझंच उत्तर द्यायची. सहा फूट.

गल्ली हातांएवढीच का, हे तू नंतर सांगितलंस, पहिल्याच पावसाळ्यात. डोक्यावर घमेलं घेऊन मी चालत होते, पाय सरकला, आणि माझा हात आपोआप खांबावर गेला. तू मागून म्हणालीस, "पाह्यलं? पाय घसरला तर दोन्ही हातांना काही लागलं पाहिजे. म्हणून वावभर ठेवली." मला त्या वेळी वाटलं, हिला सगळंच कसं सुचतं. अजूनही वाटतं. स्वयंपाकघरातही तुझं तसंच. कणिक ओंजळीनं, मीठ चिमटीनं, आमच्या फ्रॉकचं कापड वितीनं. मोजायचं भांडं म्हणून घरात नव्हतंच, आणि पोळी कधी कमी पडली नाही की उरली नाही. चौथीत शाळा सुटलेली बाई, वर्ध्याकडून सासरी आली तेव्हा नवऱ्याच्या या हिंदी मुलखात कुणाची भाषा धड कळत नव्हती, आणि दहा वर्षांत सिहोऱ्याच्या बाजारात गायीच्या पाठीवर हात ठेवून तिचं दूध सांगायची. तिनं गल्ली सहा फुटांची म्हटल्यावर ती सहा फुटांचीच असणार ना?

गोठा पुरा झाला त्या वर्षी तू मला एक कालवड दिलीस. वाढदिवस नव्हता, पहिला नंबरही नव्हता. तांबड्या गायीला कालवड झाली, तू तिला पुसून कोरडी केलीस आणि दोर माझ्या हातात दिलास. "ही तुझी. तूच पाहायचं." आज गोठ्यात ज्या अकरा आहेत त्यांतल्या सात तिच्याच वंशाच्या आहेत. सगळ्यांत म्हातारी आहे ती अजून तांबडीच, कपाळावर तोच पांढरा ठिपका. तिचं दूध आटून दोन वर्षं झाली. ती फक्त खाते आणि मी गेले की मान वर करते.

मागच्या पावसाळ्यात तीच चिखलात फसली. गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत तू कधी सिमेंट टाकू दिलं नाहीस, गायीच्या खुराला माती पाहिजे म्हणायचीस. बरोबरच होतं, पण तेव्हा तिथलं शेण रोजच्या रोज निघायचं. आता आमच्याच्यानं निघत नाही. श्रावणात ती काळी माती आणि शेण मिळून गुडघाभर राबडा होतो, आणि त्यात म्हातारी पोटापर्यंत रुतली. मी, भैया आणि शेजारचे दोघे, दोर लावून ओढत होतो. ती निघाली. माझ्या खांद्यात काहीतरी तुटलं ते मला ऐकू आलं. तुझ्या धाकट्याला पुण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. विकून टाक ना." रागानं नाही म्हणाला, काळजीनंच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. त्यानंच तिथं बसून एक गिऱ्हाईक शोधलं. सिहोऱ्याच्या बाजूचा डेअरीवाला आहे, या रविवारी गायी बघायला येतोय. नऊ नेईन म्हणतो. म्हाताऱ्या दोन त्याला नको आहेत. त्या दोघींचं काय करायचं असं मी विचारलं तर धाकट्यानं विषयच बदलला.

म्हणून मशीन. धाकट्याला मी सांगितलं की शेण काढायची सोय झाली तर गायी राहतील, नाही झाली तर रविवारी जातील. एवढंच ठरलं आहे. निवृत्तीचे पैसे होते, ते कशासाठी ठेवायचे? मी वही घेऊन बसले, अगदी शाळेतल्यासारखी. छोटं लोडर म्हणतात त्याला. एक माणूस बसेल एवढी गाडी, पुढं लोखंडी सूप, विकणारे त्याला बाल्टी म्हणतात. त्यात दोन जाती. एक चाकांची, दुसरी रबरी पट्ट्यांवर चालणारी, रणगाड्यासारखी. इथले लोक तिला चेनवाली म्हणतात. चाकांची स्वस्त, सुटे भाग इथं मिळतात, पक्क्या फरशीवर पळते. पट्ट्यांची महाग, पट्ट्यांत शेण अडकतं म्हणून रोज धुवावी लागते, जागच्या जागी गर्रकन वळली तर माती उकरते. पण तिचं वजन पसरतं, ती चिखलात रुतत नाही. मी कॉलम पाडले, गुण दिले, बेरीज केली. माणसाला काही कळेनासं झालं की तो रेघा मारतो.

विकणारा मुलगा नागपूरचा. मुलगा म्हणजे असेल पस्तिशीचा, पण फार अदबीचा. मराठी समजतं त्याला, बोलतो हिंदी. आधी त्यानं चाकांची मशीन आणली. आवाराच्या फाटकातून ऐटीत आत आली, दहा पावलं चालली आणि यंदाच्या पावसानं पुन्हा झालेल्या राबड्यात जी बसली ती बसली. गल्लीपर्यंत पोचलीच नाही. तिला काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला. भैया खांबाला टेकून खूश होऊन बघत होता, "हमसे तो अच्छी नईं निकली." मुलगा म्हणाला, "मैडम, आपके यहाँ चेनवाली ही चलेगी. डेमो के लिए नागपुर से मँगवाता हूँ. पाँच फुट छह इंच चौड़ी है, बाल्टी समेत. आपकी गली कितनी है?"

"छह फुट," मी म्हणाले.

"टेप से नाप लिया है ना, मैडम?"

आई, मी हो म्हणाले. इतकं सहज म्हणाले की खोटं बोलले हेही माझ्या लक्षात आलं नाही.

परवा सकाळी ती आली. गायी बाहेर सोडल्या होत्या. ट्रकवरून उतरली आणि त्या राबड्यावरून अशी चालत आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन बघून रडणारी बाई त्या मुलानं पहिल्यांदाच पाहिली असेल. ज्या जागेत म्हातारी रुतली होती तिथून ती गेली, मागं नुसते दोन पट्टे उमटले. एका खेपेत तिनं उचललं तेवढं शेण आम्हा दोघांना अख्खी सकाळ पुरलं असतं. भैयानंसुद्धा तोंडातली तंबाखू थुंकून "वाह" म्हटलं. मी मनात रविवार पुसून टाकला. धाकट्याला काय सांगायचं त्याची वाक्यं तयार केली. आणि मग ती गल्लीच्या तोंडाशी आली, आणि थांबली. चालवणाऱ्यानं मागं घेतली, सरळ केली, पुन्हा पुढं आणली. सुपाची एक कड डाव्या खांबाला लागली, दुसरी उजव्या खांबाला, आणि पहिल्या खांबाचा कोपरा फुटून विटेचा तुकडा खाली पडला.

मुलगा पुढं आला, खांबांकडं बघितलं, खिशातून टेप काढू लागला. तेवढ्यात भैया कडाडला, "बाई का नाप गलत नईं हो सकता, तुम्हारी मशीनई मोटी है!" आणि मी, आई, मी त्या मुलाला टेप उघडू दिला नाही. त्याच्या अंगावर गेले. कागदावर एक छापता आणि माल दुसरा आणता, म्हाताऱ्या बाईला फसवायला बरं वाटतं का, शिकलेले दिसता. बोलतच राहिले, वर्गात बोलायची तशी. त्याचे कान लाल झाले. टेप खिशात गेला. "सॉरी मैडम, मैं कंपनी से पूछता हूँ," असं म्हणून त्यानं स्वतः वाकून विटेचा तुकडा उचलला आणि खांबाच्या पायाशी नीट ठेवला. ट्रक गेला. मशीनचे ते दोन पट्टे आवारात अजून आहेत, गल्लीपाशी येऊन संपलेले.

दुपारी भैया जेवायला गेला तेव्हा मी शिवणयंत्राच्या खणात मीच ठेवलेला लांब टेप काढला, तुझ्याच यंत्राच्या. गल्लीत गेले. गोठ्यात कुणी नसताना मी चोरासारखी मागं वळून बघितलं. तू फूटपट्टी काढून घेशील असं वाटलं, खरंच. एका खांबाच्या विटांच्या सांध्यात टेप टाचणीनं अडकवला, डाव्या हातानं दुसऱ्या खांबापर्यंत ओढला. वाचला. दुसऱ्या जोडीशी गेले, वाचला. बाराही खांब मोजले. सगळीकडं आकडा तोच आला, पाव इंचाचा फरक नाही. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. तुझा हिशेबही चोख होता, चार हातांचा वाव, हात दीड फुटाचा. फक्त हात तुझा होता, आणि तुझा हात दीड फुटाचा नव्हता. तू अंगानं लहान होतीस.

हे मला कसं कळलं नाही? इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिले, तुझी लुगडी वाळत घातली, तुला शेवटी उचलून कुशीवर वळवलं. मला तू उंचच दिसायचीस. तू गेलीस त्या सकाळी तिरडी बांधणाऱ्यानं अंगणातून विचारलं होतं, "माताजी कितनी लंबी थीं?" मी आतूनच सांगितलं, साडेपाच फूट. तिरडी लांब झाली. तुझ्या पायांपुढं बांबू वीतभर उरला, आणि मी त्या माणसावर चिडले. बांबू नीट कापता येत नाही का, इतकं साधं काम आहे, असं काहीतरी म्हणाले. परवा गल्लीत टेप हातात धरून उभी होते तेव्हा मला तो माणूस आठवला, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिथंच खाली बसले. मग उठायचं होतं. डावा हात एका खांबाला लागला, उजवा उचललाच जाईना, दुसरा खांब समोर असून कामाचा नव्हता. भैया येईपर्यंत तशीच बसून राहिले. त्याला सांगितलं चक्कर आली.

धाकटा म्हणतो खांबांची एक रांग पाड. त्याला वाटतं खांब म्हणजे पेन्सिली आहेत. पत्रा त्यांच्यावर आहे, एक रांग काढली की गोठाच उतरवावा लागेल. आणि ते करायची गरजही नाही. काल त्या मुलाचा मोबाइलवर मेसेज आला. एवढं ऐकून घेऊनही त्यानं विचारपूस केली. चेनवालीतच एक बारीक मशीन येते म्हणे, सूप लहान आहे, खेपा जास्त होतील, पण माल नागपूरला पोचला आहे, शनिवारी आणता येईल. खाली लिहिलंय: "मैडम, गलती हमारी ही होगी. बस एक बार गली का सही नाप भेज दीजिए, ताकि इस बार आपको तकलीफ़ न हो."

बघ, किती सोपं आहे. एक आकडा पाठवायचा. तो पाठवला की मशीन येईल, मशीन आली की रविवारचा माणूस चहा पिऊन परत जाईल, म्हातारी तिच्या जागेवर राहील. गणित शिकवणाऱ्या बाईला दोन आकडे लिहायला किती वेळ लागतो? कालपासून मी चार वेळा मोबाइल हातात घेतला. एकदा लिहिलं "छह फुट" आणि पुसलं. एकदा लिहिलं, मशीन बारीकात बारीक असेल ती आणा, नाप नको. तेही पुसलं. तो विचारेल की मग त्या दिवशी मला इतकं का बोललात, त्याची मला भीती नाही. बोलेल तर ऐकून घेईन, चूक माझीच आहे. भैया ऐकेल, त्याची थोडी आहे. पण खरं कारण ते नाही. तुझं माप चुकलं होतं असं मला कुणाला सांगता येत नाही. तू हात पसरून उभी आहेस, मी हसते आहे, आणि तू म्हणते आहेस, भरवसा नाही का? मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आता द्यायचं म्हणजे एका परक्या माणसाला, हिंदीत, आकड्यात द्यायचं.

आज शुक्रवार आहे. तीन वाजलेत. ओट्यावर दूध तापत ठेवलंय, ते वर येईपर्यंत हे लिहून होईल असं वाटलं होतं, एकदा उतूही गेलं. हा कागद जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातला आहे, वर विद्यार्थ्याच्या नावाची जागा कोरी आहे. दुकान सहाला बंद होतं असं त्या मुलानं लिहिलंय. खिडकीतून गल्ली दिसते. म्हातारी आत येऊन तिच्या खांबाला पाठ घासते आहे, फुटलेल्या कोपऱ्याला.

पाच फूट दोन इंच, आई. हे मी फक्त तुला सांगितलं आहे.